चेनसॉचा एअर फिल्टर : जाळी किती बारीक यापेक्षा तो किती घट्ट बसतो हे पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंत्रांच्या निगेविषयी वृत्तपत्रांतून जे मार्गदर्शनपर लेख प्रसिद्ध होतात, त्यांत चेनसॉच्या (लाकूड कापणाऱ्या, इंजिनावरच्या साखळी-करवतीच्या) एअर फिल्टरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या भागाचा, विषय बहुधा एकाच वाक्यात उरकलेला असतो : काम संपल्यावर फिल्टर झटकून साफ करावा. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे, आणि त्यावर विसंबून राहणाऱ्याचे इंजिन वेळेआधी झिजण्याची शक्यता बरीच असते. फिल्टर स्वच्छ असणे, फिल्टर चांगल्या प्रतीचा असणे आणि फिल्टर आपल्या जागी चहूबाजूंनी घट्ट बसलेला असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीविषयी सगळे बोलतात, दुसरीविषयी विक्रेते बोलतात आणि तिसरीविषयी, जिच्यावर माझ्या मते सर्वांत जास्त अवलंबून असते, जवळपास कोणीच बोलत नाही. म्हणून हे पत्र.

चेनसॉचे इंजिन दोन स्ट्रोकचे असते आणि त्याची हवेची भूक त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी असते. ५० सीसीचे इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला एकदा ते हवा ओढते. म्हणजे निव्वळ हिशेबाने मिनिटाला ५०० लिटर हवा झाली. प्रत्यक्षात ओढली जाणारी हवा याहून कमी असते, तरीही ती शेकडो लिटरांच्या घरातच राहते. ही हवा यंत्र घेते तेही नेमके त्या ठिकाणाहून, जिथे त्याच यंत्राच्या साखळीने भुशाचा फवारा उडवलेला असतो. इतक्या वाईट हवेत काम करणारी इंजिने थोडीच असतील.

त्यात दोन स्ट्रोकच्या इंजिनाची एक अडचण अशी, की त्यात मोटारीसारखे वेगळे ऑइल आणि ऑइल फिल्टर नसतात. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते, बहुधा ५० भागांस १ या प्रमाणात, आणि हे मिश्रण हवेसह आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत, जाते, तिथल्या बेअरिंगांना वंगण देते, मग वर सिलिंडरमध्ये चढते आणि जळून बाहेर पडते. त्यामुळे फिल्टरमधून किंवा फिल्टरच्या बाजूने जी धूळ आत शिरली, ती क्रँकची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग, पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर अशा प्रत्येक नाजूक जागेला शिवूनच बाहेर जाते. मध्ये तिला अडवणारे दुसरे काहीही नाही. एअर फिल्टर हा या इंजिनाचा पहिला पहारेकरी आहे आणि शेवटचाही तोच.

इथे भुसा आणि धूळ यांत फरक करायला हवा. डोळ्यांना दिसणारा भुसा फिल्टरवर थरच्या थर साचतो आणि म्हणून माणूस त्यालाच शत्रू समजतो. पण लाकूड मऊ असते आणि मोठा कण कोणत्याही जाळीवर अडकतो. खरी झीज करते ती खनिज धूळ : सालीत अडकलेली माती, वाऱ्याने खोडावर बसलेली रेती, जमिनीलगत कापताना साखळीने उडवलेले कण. सागासारख्या काही लाकडांत तर सिलिका मुळातच असते. या कणांतले गारेचे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वीस-तीस मायक्रॉनपर्यंतचे कण पिस्टन व सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरात सहज घुसून घासत राहतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर हे कण डोळ्यांना सुटे दिसतच नाहीत. दिसतो तो फक्त त्यांचा मळकट लेप.

आता फिल्टरच्या प्रतीविषयी. बाजारात नायलॉनच्या विणीव जाळीचे फिल्टर मिळतात, जाळीवर बारीक तंतू चिकटवलेले मिळतात, फेल्टचे (दाबून बसवलेल्या तंतूंच्या नमद्यासारख्या कापडाचे) मिळतात, तेल लावून वापरायच्या फोमचे मिळतात आणि घड्या घातलेल्या कागदाचे किंवा कृत्रिम धाग्यांच्या कापडाचेही मिळतात. नायलॉनच्या जाळ्यांत ८० मायक्रॉनची आणि ४४ मायक्रॉनची अशा दोन विणी सर्रास दिसतात. जाड वीण हवा मोकळी सोडते, ओल्या आणि भरड भुशाच्या कामात लवकर चोंदत नाही, पण बारीक धूळ तिच्यातून पार होते. फेल्ट आणि तंतू लावलेले फिल्टर कोरड्या, धुळीच्या कामात कितीतरी सरस ठरतात, मात्र ते धुण्यापुसण्यात जपावे लागतात. काँक्रीट कापणाऱ्या करवतींना अशाच जातीचे दोन स्ट्रोकचे इंजिन असते, पण त्यांवर मोठा, अनेक टप्प्यांचा फिल्टर आणि त्यात कागदाचा मुख्य भाग बसवलेला असतो, कारण तिथली धूळ सगळी खनिजच असते. यावरून धुळीपुढे साधी जाळी किती पुरते याचा अंदाज उत्पादकांनाही आहे, हे उघड होते.

फिल्टर किती धूळ अडवतो हे मोजण्याची रीत ठरलेली आहे. इंजिनांच्या एअर क्लीनरसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे ५०११ हे मानक आहे आणि चाचणीत वापरायची धूळ आयएसओ १२१०३-१ या मानकाने ठरवून दिलेली आहे. सोडलेल्या धुळीपैकी वजनाने किती टक्के अडली, हवेला अडथळा किती झाला आणि फिल्टर भरेपर्यंत त्याने किती धूळ पोटात घेतली, हे त्यातून कळते. असे असताना चेनसॉच्या सुट्या फिल्टरच्या पेटीवर मात्र हा टक्केवारीचा आकडा सहसा छापलेला नसतो. ‘उच्च दर्जा’, ‘दीर्घायुषी’ अशी विशेषणे असतात. ग्राहकाने विशेषणांवरून निवड करावी, ही अपेक्षा मला गैर वाटते.

परंतु हा आकडा छापला तरी तो फिल्टरच्या कापडाचा असेल, बैठकीचा नव्हे, आणि माझे मुख्य म्हणणे इथून सुरू होते. समजा, एखादा फिल्टर १०० भाग धुळीपैकी ९९ भाग अडवतो. तो कडेला किंचित उचललेला असून १०० भाग हवेतली २ भाग हवा बाजूच्या फटीतून, न गाळता आत जाते असे धरू. मग आत जाणारी धूळ १ भागाऐवजी जवळजवळ ३ भाग होते, म्हणजे तिप्पट. फटीतून जाणारी हवा ५ भाग झाली, तर आत शिरणारी धूळ सुमारे ६ भागांवर जाते. आणि अशा वेळी केवळ ९५ टक्के धूळ अडवणारा, पण चहूबाजूंनी घट्ट बसलेला साधा फिल्टर त्या महागड्या फिल्टरपेक्षा चांगला ठरतो. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांतला हिशेब कोणत्याही यंत्राला लागू पडतो. फटीची रुंदी पाहिली तरी तेच दिसते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट म्हणजे १०० मायक्रॉन झाले. ४४ मायक्रॉनची जाळी घेऊन तिच्या कडेला १०० मायक्रॉनची फट ठेवायची, तर बारीक जाळीला अर्थ काय उरला?

यातली आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. फिल्टर जसजसा भरत जातो, तसतसा त्याच्यातून हवा ओढायला इंजिनाला जास्त जोर लागतो. फटीचा अडथळा मात्र तेवढाच राहतो. साहजिकच फटीतून जाणाऱ्या हवेचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे फट असलेला फिल्टर दिवसाच्या शेवटी, तो सर्वांत जास्त भरलेला असताना, सर्वांत जास्त गळतो. बैठक पक्की असेल, तर थोडीफार धूळ साचलेला फिल्टर उलट अधिक बारीक गाळतो, कारण आधी अडकलेल्या कणांचा थर पुढच्या कणांना अडवतो. म्हणून दर अर्ध्या तासाने फिल्टर काढून झटकण्याची काहींची सवय मला पटत नाही. प्रत्येक वेळी काढघाल करताना थोडी धूळ कार्ब्युरेटरच्या (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडात पडायची भीती असतेच, शिवाय सीलची, म्हणजे फिल्टर हवाबंद बसवणाऱ्या कडीची, कडही झिजते. शक्ती कमी झाली, इंजिन जड चालू लागले किंवा दिवसाचे काम संपले, की फिल्टर काढावा.

फट पडते कुठे? सर्वांत जास्त पडते ती फिल्टरच्या तोंडाशी, जिथे तो कार्ब्युरेटरच्या नळकांड्यावर किंवा त्याच्या पट्टीवर टेकतो. तिथली रबराची किंवा फेल्टची कडी उष्णतेने आणि पेट्रोलच्या वाफेने कडक होते, आक्रसते, तिला चिरा पडतात. दोन अर्ध्या भागांना एकमेकांत अडकवून तयार होणाऱ्या नायलॉनच्या फिल्टरांत मधला सांधा हा दुसरा कच्चा दुवा असतो. खिटी झिजली किंवा सांध्यात भुशाचा एक तुकडा राहिला, की तो पूर्ण मिटत नाही. काही यंत्रांत फिल्टर मधल्या बोल्टाने धरलेला असतो आणि त्या बोल्टाभोवतीच्या भोकाचे सील गहाळ झाले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. काहींत वरचे झाकणच फिल्टरला खाली दाबून धरते, तेव्हा झाकणाची एक खिटी तुटली म्हणजे फिल्टरची बैठकही गेली. चोकची दांडी जिथून आत जाते तिथली रबरी बुचे हीही तपासण्याची जागा आहे. नव्या रचनेच्या कमी धूर सोडणाऱ्या इंजिनांत कार्ब्युरेटरच्या जोडीला शुद्ध हवेचा एक वेगळा मार्ग असतो, आणि फिल्टरला दोन्ही तोंडे एकाच वेळी झाकावी लागतात. अशा यंत्रांत बैठकीची कड लांब असते, म्हणून गळायला जागाही जास्त. दुसऱ्या कोणी बनवलेले, मूळ फिल्टरशी मिळतेजुळते फिल्टर पुष्कळदा वापरण्याजोगे असतात, पण त्यांची कड अर्ध्या मिलिमीटरने आखूड निघाली किंवा प्लास्टिक थोडे कडक निघाले, तर बाकीची सगळी गुणवत्ता फुकट जाते. विकत घेण्यापूर्वी तो यंत्रावर बसवून, हाताने हलवून पाहू देण्याची मागणी ग्राहकाने अवश्य करावी.

फट शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही. आधी चोक लावावा, म्हणजे हवेची वाट बंद होऊन सैल धूळ कार्ब्युरेटरमध्ये पडणार नाही. मग झाकणाच्या आतला भुसा ब्रशने काढावा आणि त्यानंतरच फिल्टर उचलावा. आता कार्ब्युरेटरच्या तोंडाची कड उजेडात नीट पाहावी. फिल्टर जिथे टेकतो तिथे एक वर्तुळाकार ठसा दिसतो. हा ठसा सगळीकडे सारखा, चकचकीत आणि आतल्या बाजूने स्वच्छ असेल, तर बैठक ठीक आहे. ठशाच्या एखाद्या भागात तो तुटला असेल आणि तिथून आतल्या बाजूला तपकिरी रंगाची, पंख्यासारखी पसरत गेलेली रेघ दिसत असेल, तर हवा तिथूनच बाजूने जाते आहे असे समजावे. आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. त्यावर तेलकट पिवळसर डाग आला तर काळजी नाही, कारण दोन स्ट्रोकच्या इंजिनात थोडे इंधन कार्ब्युरेटरमधून मागे उडतेच आणि फिल्टरची आतली बाजूही त्याने ओलसर होते. डाग बोटांत चोळल्यावर खरखरीत लागला, तर मात्र ती माती आहे. शंका राहिलीच, तर फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या भिंतीवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून यंत्र थोडा वेळ कामात वापरावे. ग्रीसवर कण चिकटलेले दिसले, की गळती कोणत्या बाजूने आहे तेही कळते. फिल्टरच्या जाळीला भोक पडले आहे का, हे दिव्यासमोर धरून पाहता येते.

सीलच्या कडेला ग्रीस लावावे का, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. माझ्या मते चांगल्या कडीला किंचित ग्रीस लावण्यात तोटा नाही, पण चिरलेली कडी ग्रीस थापून चालवणे ही फसवणूक आहे. ग्रीस गरम होऊन सरकते आणि त्यात अडकलेली धूळ आतल्या बाजूला जाते. कडी बदलावी. ती यंत्रातल्या सर्वांत किरकोळ सुट्या भागांपैकी एक आहे.

बैठक बिघडायला पुष्कळदा आपली साफसफाईच कारणीभूत असते. फिल्टर दगडावर किंवा पत्र्यावर आपटून झटकला, की त्याची कड वाकडी होते. कॉम्प्रेसरची हवा जवळून आणि पूर्ण दाबाने मारली, की फेल्ट फाटतो आणि जाळीवरचे तंतू उडून जातात. हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने, थोड्या अंतरावरून आणि आतून बाहेर मारावी. बाहेरून आत मारणे म्हणजे अडवलेली धूळ आपल्या हाताने पुढे ढकलणे होय. नायलॉनची जाळी कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने धुता येते. पेट्रोलने धुतल्यास फोम आणि चिकटवलेले सांधे खराब होण्याचा धोका असतो. कागदाचा फिल्टर धुऊ नये. फोमच्या फिल्टरला धुऊन वाळवल्यावर फिल्टरचे तेल लावून, ते सगळीकडे सारखे पसरेपर्यंत दाबून घ्यावे लागते, नाही तर तो नावापुरताच फिल्टर राहतो. ओला फिल्टर बसवून यंत्र चालू करू नये. हे सर्व यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले असते, ती वाचली जात नाही एवढेच.

चोंदलेला फिल्टर आणि गळका फिल्टर यांची लक्षणे अगदी वेगळी असतात, आणि गळक्याची लक्षणे उशिरा दिसतात म्हणूनच तो जास्त घातक असतो. फिल्टर चोंदला, तर साध्या कार्ब्युरेटरच्या यंत्रात हवा-इंधनाचे मिश्रण दाट होते, म्हणजे त्यात इंधनाचे प्रमाण वाढते, धूर वाढतो, शक्ती कमी होते, प्लग काळा पडतो; यंत्र स्वतःच तक्रार करते. यात एक खोड अशी, की काही जण फिल्टर न पाहताच कार्ब्युरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगात मिळणारे इंधन कमी-जास्त करणारा) फिरवून मिश्रण पातळ करतात, यंत्र पुन्हा छान चालू लागते, आणि नंतर कोणी तरी फिल्टर साफ केला, की तेच मिश्रण गरजेपेक्षा पातळ होऊन पिस्टन जाम होतो. ट्यूनिंगच्या आधी फिल्टर, हा क्रम कधीही मोडू नये. फिल्टरच्या अडथळ्यानुसार इंधन आपोआप कमी-जास्त करणारे कार्ब्युरेटर आणि संगणकीय नियंत्रणाची यंत्रे आता आहेत. त्यांत ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे, परंतु त्यांतली कोणतीही यंत्रणा धूळ अडवत नाही. फिल्टर बाजूने गळत असेल, तर मिश्रण बदलत नाही, धूर येत नाही, आवाज बदलत नाही. यंत्र उत्तम चालते आणि आतून झिजत राहते. पुढे केव्हा तरी ते गरम असताना सुरू होईनासे होते, दोरी ओढताना हाताला पूर्वीचा जोर लागत नाही, आणि मग सिलिंडर उघडला जातो.

सिलिंडर उघडल्यावर पिस्टन कोणत्या बाजूने खराब झाला आहे, हे पाहिले तरी पुष्कळ वादांचा निकाल लागू शकतो. सायलेन्सरच्या बाजूला उभे, खोल चरे आणि ॲल्युमिनियम चोळवटलेले दिसले, तर कारण बहुधा उष्णतेचे : पातळ मिश्रण, ऑइल कमी किंवा कार्ब्युरेटर व सिलिंडर यांच्यामधल्या रबरी नळीतून शिरणारी जादा हवा. कार्ब्युरेटरच्या बाजूला पिस्टनचा परकर, म्हणजे रिंगांखालची बाजूची भिंत, निस्तेज, राखाडी झाला असेल, त्यावरच्या यंत्रकामाच्या बारीक रेषा पुसल्या गेल्या असतील आणि रिंगा पातळ झाल्या असतील, तर धूळ आत गेली आहे; कारण या इंजिनांत येणारी हवा सर्वांत आधी पिस्टनच्या त्याच बाजूवर आदळते. सिलिंडरच्या आतला मुलामा फार कठीण असतो, म्हणून तो पुष्कळदा ठीक दिसतो आणि दोष ‘हलक्या पिस्टन’वर ढकलला जातो. दुरुस्ती करणाऱ्यांनी पिस्टन बदलताना ग्राहकाला जुना पिस्टन दाखवून ही खूण समजावून द्यावी, आणि फिल्टरची कडी तपासल्याशिवाय नवा पिस्टन बसवूच नये. अन्यथा नवाही त्याच वाटेने जातो.

एक गोष्ट ओघाने सांगतो. साखळी धारदार असेल, तर ती लाकडाच्या चिपा काढते; बोथट झाली, की पीठ पाडते. फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरू लागला, तर फिल्टरला दोष देण्यापूर्वी साखळीला कानस लावून पाहावी. लाकूड लांबीच्या दिशेने चिरून फळ्या काढण्याच्या कामात आणि वाळलेल्या किंवा जळक्या खोडांवर मात्र बारीक पीठ पडणारच. तिथे फेल्टचा किंवा त्याच तोडीचा फिल्टर वापरणे हाच उपाय. पुष्कळ यंत्रांत फ्लायव्हीलचा पंखा हवेतले जड कण बाहेर फेकतो आणि तुलनेने स्वच्छ हवा फिल्टरकडे पाठवतो. ही सोय फार उपयोगाची आहे, फिल्टर त्यामुळे पुष्कळ जास्त वेळ टिकतो. परंतु जे कण हवेबरोबर तरंगण्याइतके हलके असतात ते यातून सुटतात, आणि घातक धूळ याच कणांची असते. ‘आमच्या यंत्राला फिल्टर साफ करावाच लागत नाही’ असे विक्रेत्याकडून ऐकू आले, तर फिल्टर साफ करायचा नसला तरी त्याची बैठक कशी तपासायची, एवढे त्याला विचारावे.

उत्पादकांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. फिल्टरच्या पेटीवर प्रमाणित चाचणीतील टक्केवारी छापावी, ती चाचणी सुट्या कापडावर न करता यंत्राच्या मूळ बैठकीवर बसवलेल्या फिल्टरची असावी, आणि सीलची कडी फिल्टरशिवाय सुटी मिळावी. आज काही यंत्रांत कडी गेली म्हणून पूर्ण फिल्टर घ्यावा लागतो आणि म्हणूनच ती बदलली जात नाही. संपादक या नात्याने आपणांसही एक विनंती आहे : यंत्रांच्या निगेवरील मजकूर यापुढे छापताना ‘फिल्टर साफ करावा’ या वाक्याला ‘आणि परत बसवल्यावर बोटाने कड दाबून, तो कोणत्याही बाजूने हलत नाही ना, हे पाहावे’ एवढी जोड द्यावी.

आपला,
एक वाचक